पहाटेची उसवाउसव

३ जानेवारी

सुटले एकदाची. व्यसनमुक्ती केंद्रातला शेवटचा दिवस. निरोपाच्या भाषणात संचालकांनी मला मायेचा झरा म्हटलं, एक भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि लगेच विचारलं, की माझ्या टेबलाची किल्ली कुठे आहे. इतकी वर्षं समोर बसलेल्या प्रत्येक माणसाला "तुम्हाला याबद्दल काय वाटतं?" असं विचारून विचारून माझ्या तोंडाला फेस आलाय. आता कोणाला काय वाटतं ते त्यांचं त्यांनी बघावं.

मला असं काम हवंय जे संपतं. दारू सोडलेला माणूस हार घालून गेटाबाहेर जातो आणि पुढच्या हंगामात त्याच गेटातून आत येतो, वर आपल्यालाच विचारतो, "मॅडम, ओळखलंत का?" खुर्चीचं तसं नाही. वेताची बैठक एकदा नीट विणली की वीस वर्षं तिच्याकडे बघावं लागत नाही. दोन वर्षं रविवारच्या वर्गाला जाऊन मी ही कला शिकले ती काही उगीच नाही.

सासूबाई म्हणाल्या, "तुला साधं बटण लावता येत नाही, तू खुर्च्या काय विणणार?" नवरा म्हणाला, "छान होईल." तो सगळ्यालाच छान होईल म्हणतो. आमच्या घराचं छत गळत होतं तेव्हाही तेच म्हणाला होता. एकीची जीभ सुरीसारखी आणि दुसऱ्याची लोण्यासारखी, आणि मी मधे.

१९ जानेवारी

गॅरेज भाड्याने घेतलं. शटर अर्ध्यावर अडकतं, त्यामुळे उंच माणसाला मान खाली घालूनच आत यावं लागतं. एक लांब बाक, वेत भिजवायला पत्र्याचा टब, भोकांत वेत पक्का धरणाऱ्या खुंट्यांचा डबा, छताला दोन ट्यूबलाइट. त्यातली एक लागते.

नुसत्या खुर्च्या विणायच्या असत्या तर घरीच विणल्या असत्या. पण केंद्रातून बाहेर पडलेल्या माणसाला कोणी दारात उभं करत नाही हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून दोघांना कामावर घेतलंय, आणि दोघांनाही वर्षभर दारूचा थेंब शिवलेला नाही. एक ड्रायव्हर. पंचवीस वर्षं ट्रक चालवला, मग परवाना गेला, मग बायको मुलीला घेऊन गेली. दुसरे मास्तर. शाळेतून काढलेले, बोलणं कमी, बघणं जास्त. दोघांना अजून त्यांच्या केंद्रातल्या नावांनीच हाक मारते, त्यांनाही तेच बरं वाटतं.

भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून लावलं: इथे कोणी कोणाला टाकून बोलणार नाही. मास्तरांनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "आणि काम चुकलं तर?" मी म्हटलं, "चूक असं काही नसतं, मास्तर. शिकणं असतं." ते "बरं" म्हणाले.

६ फेब्रुवारी

पहिलं मोठं काम मिळालं. सार्वजनिक वाचनालयाच्या अभ्यासिकेतल्या सगळ्या जुन्या खुर्च्या नव्याने विणायच्या. सागवानी सांगाडे अजून दणकट आहेत, बैठका मात्र फाटून लोंबतायत, आणि मुलं त्यावर पुठ्ठे टाकून बसतात. वाचनालयाचे चिटणीस म्हणजे एक प्रकरण आहे. "दर्जा दिसला नाही तर सगळ्या परत पाठवीन," हे त्यांनी मला नमस्कारासारखं आधी सांगून टाकलं.

अभ्यासिकेचं नाव ऐकून ड्रायव्हरनी हातातलं काम थांबवलं. संध्याकाळी टब पालथा घालताना म्हणाले, "ताई, माझी पोरगी तिथंच अभ्यासाला बसते. परीक्षेचं वर्ष आहे तिचं. खिडकीजवळची दुसरी खुर्ची." मुलगी त्यांच्याशी दोन महिन्यांतून एकदा बोलते, तेही फोनवर, तेही आईला न सांगता.

"ती खुर्ची मी एकटा करणार," ते म्हणाले. "तुम्ही नाही, मास्तर नाही. माझा एकट्याचा हात."

मला भरून आलं. याच्यासाठीच तर केला हा सगळा उद्योग.

१४ फेब्रुवारी

देवा रे.

खिडकीजवळची खुर्ची झाली. आधी उभे पट्टे, मग आडवे, पुन्हा उभे, इथवर ठीक होतं. शेवटी तिरपे पट्टे घालायचे असतात, ते उभ्याच्या वरून आणि आडव्याच्या खालून जायला हवेत. यांनी मनाला येईल तसे घातलेत. काही ठिकाणी पट्ट्याची चकचकीत बाजू खाली आणि खरखरीत वर. मधोमध असा झोळ की त्यात मांजर व्यायलं तरी चालेल. माणूस बसला की दोन महिन्यांत सगळं तुटणार.

ड्रायव्हर खुर्चीसमोर कमरेवर हात ठेवून उभे. मी तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते हे: "किती मनापासून केलंत. तुम्हाला स्वतःला कसं वाटतंय?"

"झकास," ते म्हणाले.

आता याच्यावर काय बोलणार? या माणसाला त्याच्या बापाने, मालकाने, बायकोने, पोलिसांनी सगळ्यांनी आजवर एकच ऐकवलंय, की तुला काही जमत नाही. त्या यादीत मी माझं नाव घालू? त्याची फळं मला माहीत आहेत. असा माणूस एका शब्दाने कोसळतो आणि थेट गुत्त्यावर जाऊन उभा राहतो. मास्तर कोपऱ्यात खुंट्या ठोकत होते. त्यांनी मान वर केली नाही.

१५ फेब्रुवारी

उजाडायच्या आत गॅरेज उघडून ती बैठक पूर्ण उसवली आणि पुन्हा विणली. बोटांची सालं निघाली. जुने पट्टे कचऱ्याच्या पिंपात तळाशी दडपले.

ड्रायव्हर आले, खुर्चीवरून हात फिरवला आणि खूश झाले. "ताई, तुम्ही म्हणाला होतात तसंच झालं. वेत वाळला की आपोआप ताणून बसतो. कालच्यापेक्षा किती घट्ट झालंय बघा."

मी "हो ना" म्हटलं. वेत ताणतो हे काही खोटं नाही. मास्तरांनी दुपारी न सांगता पिंप रिकामं केलं, तेवढं एक काम वाचलं.

२२ फेब्रुवारी

आता रोजचंच झालंय. पहाटे मी उसवते, सकाळी ते येऊन खूश होतात, दिवसभर आणखी एक बिघडवून ठेवतात. सुधारणा म्हणाल तर शून्य. उलट हात सुटलाय, वेग वाढलाय, आणि जितका वेग तितका झोळ. मला एवढंच कळत नाही की इतकं प्रोत्साहन देऊनही हा माणूस शिकत का नाही. मास्तरांच्या पहिल्या दोन बिघडल्या होत्या, पुढच्या ठीक. ते कुठून शिकतात कोण जाणे, कारण मी त्यांनाही काही सांगितलेलं नाही. परवा मात्र ते पिंपातला एक तुकडा हातात घेऊन उलटसुलट करून बघत बसले होते.

मनगट सुजलंय. नवऱ्याने पट्टी बांधता बांधता विचारलं, "त्याला सांगून का टाकत नाहीस?" मी त्याला खचलेल्या माणसाचा आत्मविश्वास या विषयावर अर्धा तास समजावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "छान होईल." कधीकधी वाटतं, या माणसाने एकदा तरी मला तोंडावर सांगावं की तू मूर्ख आहेस.

२७ फेब्रुवारी

आज कहर झाला. सासूबाई डबा द्यायच्या निमित्ताने गॅरेजवर आल्या. शटरखालून वाकून आत येता येता पहिलं वाक्य: "हे कोणी विणलंय? वाकडं आहे."

ड्रायव्हर उठून उभे राहिले. "कुठं वाकडं आहे, आजी?"

"अरे, इथे बघ. हा वरून गेलाय आणि हा शेजारचा खालून. स्वेटर असा विणला असता तर आमच्या आईने सुया फेकून मारल्या असत्या."

ड्रायव्हर गुडघ्यांवर बसले आणि नाक लावून बघायला लागले. आता काय होतंय या भीतीने मी सासूबाईंच्या दंडाला धरून त्यांना जवळजवळ ओढतच बाहेर आणलं आणि रिक्षात बसवलं. त्या चिडल्या. "मी काय वाईट बोलले? त्यानेच विचारलं." यांना कोण समजावणार?

परत आले तर ड्रायव्हर अजून तिथेच बसलेले, बोटाने एक पट्टा उचलून बघत होते. म्हणाले, "आजी परत कधी येतील?" बिचारे. घाबरले असणार. मी शब्द दिला, की त्या पुन्हा इकडे फिरकणार नाहीत. ते काहीतरी विचारणार होते, तेवढ्यात मी विषय बदलून टाकला.

११ मार्च

सगळ्या खुर्च्या वाचनालयात पोचल्या. चिटणीसांनी प्रत्येकीवर बसून बघितलं, दोनदा उड्याही मारल्या, आणि नाइलाजाने कबूल केलं की काम चांगलं आहे. माझी कंबर, मनगट आणि झोप यांची वाट लागली, पण काम तडीला गेलं.

ड्रायव्हर इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. उद्या मुलीला तिथे भेटणार आहेत. तिने हो म्हटलंय. आज चहा चक्क त्यांनी पाजला.

१२ मार्च

संपलं सगळं. नीट लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल.

चिटणीसांना पावती द्यायला मी वाचनालयात गेले होते, म्हणून डोळ्यांनी पाहिलं. ड्रायव्हर आणि त्यांची मुलगी खिडकीजवळ. मुलगी उंच, बापासारखंच कपाळ, पुस्तकं छातीशी धरलेली. ती खुर्चीकडे बघत म्हणाली, "खरंच तुम्ही केलीत?"

"तू बघच," म्हणत त्यांनी खुर्ची उचलून उलटी केली. "खाली गाठ बघ. ताडपत्रीची गाठ. तुला लहानपणी ट्रकवर शिकवलेली. अशी गाठ माझ्याशिवाय कोणी मारत नाही."

मला त्या गाठीचं काही माहीत नव्हतं. उसवताना मी गाठी कापून टाकत होते. पट्ट्यांची टोकं खाली बांधायची असतात, ती मी रविवारच्या वर्गात शिकवल्यासारखी साधी बांधली होती.

ड्रायव्हर बराच वेळ खुर्चीखाली बघत राहिले. मग शेजारची उलटी केली. मग तिच्या शेजारची. मुलगी बघत होती. ती म्हणाली, "बाबा, राहू दे." आवाज चढवला नाही, रागावली नाही. असं आधी अनेकदा झालं असावं अशा सवयीने तिने पुस्तकं उचलली आणि दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. मग ड्रायव्हरना मी दिसले. मी दारात पावतीपुस्तक घेऊन उभी.

त्यांच्या लक्षात आलं.

१६ मार्च

ड्रायव्हर येत नाहीत. फोन बंद. मास्तर म्हणतात, "येतील." कशावरून, विचारलं तर म्हणतात, "त्यांचा डबा इथे राहिलाय." डबा. माझा जीव टांगणीला लागलाय आणि हे डब्याचं सांगतायत.

मग मी त्यांच्यावरच घसरले. "तुम्हाला ठाऊक होतं ना, मी पहाटे उसवते ते?"

"होतं."

"मग बोलला का नाहीत?"

मास्तरांनी नुसतं भिंतीवरच्या माझ्या अक्षरांकडे बघितलं आणि पुन्हा कामाला लागले. मला इतका राग आला की मी तो कागद फाडून टबात टाकला. शाई सुटली आणि भिजत घातलेला सगळा वेत निळा झाला.

१८ मार्च

शेवटी गेलेच. टायरच्या दुकानावरची खोली, बाहेरून लोखंडी जिना. सबंध जिनाभर मी मनाची तयारी करत होते, की दार उघडल्यावर वास आला तर काय बोलायचं.

त्यांनी दार उघडलं आणि आधी म्हणाले, "प्यायलो नाहीये. तेवढं सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही वास घेत बसणार नाही."

मी घेतच होते. लाज वाटली.

त्यांनी स्टूल पुढे सरकवलं, स्वतः खाटेवर बसले. "एकच विचारतो. माझी खुर्ची कशी होती?"

"तुम्ही ती खूप मनापासून..."

"ताई. कशी होती?"

खाली कोणीतरी टायरमध्ये हवा भरत होतं. मी म्हटलं, "वाईट होती."

"किती वाईट?"

"तिरपे पट्टे उलटसुलट गेले होते. मधे झोळ होता. दोन महिन्यांत तुटली असती आणि बसणारा खाली आला असता."

"माझी पोरगी बसणार होती त्यावर."

"हो."

"आणि बाकीच्या?"

"त्याही."

"सगळ्या?"

"सगळ्या."

मग, "मास्तरच्या?"

"त्यांच्या दोनच."

हे त्यांना सगळ्यांत जास्त लागलं, चेहऱ्यावर दिसलं. मग म्हणाले, "तिरपा पट्टा उभ्याच्या वरून घ्या, खालून नको, एवढं बोलायला किती वेळ लागला असता? त्या दिवशी आजींनी एका मिनिटात सांगितलं. मी विचारायला गेलो तर तुम्ही त्यांनाच हाकलून दिलंत."

"मला भीती वाटली, तुम्ही खचाल. पुन्हा..."

"ताई, केंद्रात तुम्ही असं बोलायचात ते ठीक होतं. तिथं मी आजारी होतो. इथं मी कामाला होतो." मग पायांकडे बघत म्हणाले, "ती लहान असल्यापासून मी तिच्याशी खोटं बोलत आलो. उद्या येतो म्हणायचं आणि जायचं नाही. या वेळी पहिल्यांदा खरं बोललो होतो. ते पण खोटं निघालं."

मी म्हटलं, मी जाऊन तिला सगळं सांगते, चूक माझी होती. त्यांनी मान हलवली. "नको. तिला वाटेल, तुम्ही पण मला सांभाळून घेताय."

जिना उतरताना मी कठडा धरून उभी राहिले. या माणसाचं मी भलं करायला निघाले होते. त्याच्या पदरात एकच खरी गोष्ट पडणार होती, ती मी रोज पहाटे उठून, कष्ट करून, उसवून टाकली.

२० मार्च

आले. मान खाली घालून शटरखालून आत आले, डबा उचलून हुंगला, नाक मुरडलं, बाहेर जाऊन घासून आणला. मग म्हणाले, "एक रिकामा सांगाडा द्या. त्या खुर्चीच्या मापाचा. आणि चुकलं की तिथल्या तिथे बोलायचं. तुम्हाला जमत नसेल तर आजींना बसवा इथं."

मी म्हटलं, जमेल.

दुपारी पहिला तिरपा पट्टा उभ्याच्या खालून गेला. मी म्हटलं, "उसवा."

त्यांनी एक सणसणीत शिवी दिली, बहुधा वेताला, आणि उसवलं. आभाळ वगैरे कोसळलं नाही. मास्तर म्हणाले, "ताई, माझ्या त्या दोन कोणत्या होत्या, तेही सांगून टाका." मग त्यांनाही दाखवलं. ते म्हणाले, "मला वाटलंच."

२४ मार्च

आज ड्रायव्हरचं आणि माझं कडाक्याचं भांडण झालं. ते म्हणत होते झोळ नाही, मी म्हणत होते आहे. शेवटी त्यांनी बैठकीवर पाण्याचा पेला ठेवला. पेला कलंडला. "बरं, आहे," म्हणाले आणि पुन्हा पहिल्यापासून. त्यांची चिडचिड, माझी चिडचिड, त्यात ट्यूबलाइटची फडफड. अशाने माझं डोकं एक दिवस फिरणार आहे. पण हल्ली पहाटे मी घरीच झोपलेली असते, आणि सासूबाई रोज विचारतात, "आज आजारी आहेस का?"

२८ मार्च

खुर्ची झाली. मी बोट फिरवत फिरवत चारही कडा बघितल्या. मागच्या उजव्या कोपऱ्यात एक पट्टा उलटा होता, खरखरीत बाजू वर. इतका लहान, की चिटणीसांनाही दिसला नसता. ड्रायव्हर माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि मला मनापासून वाटत होतं की सोडून द्यावं.

"मागचा कोपरा. एक पट्टा उलटा."

ते खाली बसले, बघितलं, आणि शिवी न देता तो पट्टा काढायला लागले. एक काढला की शेजारचे तीन सैल होतात. सगळी दुपार त्यात गेली. मग मी पुन्हा बघितलं.

"बरोबर आहे."

"नुसतं बरोबर?"

"नुसतं बरोबर."

ते हसले. इतक्या दिवसांत त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. मग खुर्ची उलटी करून, माझ्याकडे पाठ करून, त्यांनी खालच्या गाठी मारल्या.

२९ मार्च

खुर्ची खांद्यावर टाकून ते चालतच वाचनालयात गेले. रिक्षा करा म्हटलं तर नको म्हणाले. मी आणि मास्तर इथे बसून राहिलो. कामात कोणाचंच लक्ष नव्हतं. मी एक आडवा पट्टा तीनदा चुकवला आणि मास्तरांनी तिन्ही वेळा "उसवा" म्हटलं. त्यांना यात मजा येतेय हे उघड आहे.

दिवेलागणीला ड्रायव्हर परत आले. खिडकीजवळची मी विणलेली खुर्ची त्यांच्या खांद्यावर होती, ती त्यांनी भिंतीशी ठेवली. शेवटी मीच विचारलं, "बसली का?"

"आधी उलटी करून बघितली," ते म्हणाले. "माझ्या देखत. सगळ्या गाठी, एकेक. मग सरळ केली आणि बसली."

"काही बोलली?"

"नाही. पुस्तक उघडून वाचायला लागली. मी दारात जरा उभा राहिलो. मग चिटणीस आले आणि म्हणाले, इथं उगाच उभं राहायचं नाही, मुलांच्या अभ्यासात व्यत्यय येतो."

मला रडू आवरेना. मास्तर बघतायत म्हणून मी म्हटलं, या ओल्या वेताचा वास फार डोळ्यांत जातो.

"वास नाकात जातो, ताई," मास्तर म्हणाले.